कार्ड खाली करायच्या आधी : शूटिंगचं फुटेज उतरवणं, लावणं आणि लॉग करणं

आमच्याकडे "कार्ड खाली कर" या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि त्यातला दुसरा मला चोपड्याकडच्या एका हळदीत कळला. भाचा मदतीला आलेला, मी नवरीकडच्या बायकांचं शूट घेत होतो, त्याला लांबूनच ओरडून सांगितलं की ते भरलेलं कार्ड खाली कर, म्हणजे माझ्या मनात होतं लॅपटॉपवर कॉपी कर. पोराने कॅमेऱ्यात कार्ड टाकलं आणि सरळ फॉरमॅट मारलं. विचारलं तर म्हणे, "हाव मामा, करी टाकं." त्याची चूक नाहीच, खाली म्हणजे रिकामं, त्याने रिकामं केलं. नशीब एवढंच की त्या कार्डावर नंतर काही शूट झालं नव्हतं, तसंच काढून खिशात ठेवलं, घरी फोटोरेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने बरंचसं परत आलं, पण फाइलींची नावं गेलेली, क्रम गेलेला, काही क्लिप तर उघडेचनात. कोणतं फुटेज कधीचं हे लावण्यात तीन रात्री गेल्या.

जळगाव-धुळे-नंदुरबारकडे आता गावागावात लग्नाचं शूट करणारी पोरं आहेत, अहिराणी गाण्यांचे चॅनल आहेत, आणि सगळ्यांचे प्रश्न कलर आणि ट्रान्झिशनचे. फुटेज उतरवण्याबद्दल कोणी विचारत नाही. पण एडिटिंगला बसल्यावर जो वेळ जातो ना, तो कापण्यात नाही जात, शोधण्यात जातो. म्हणून उतरवणं, लावणं आणि लॉग करणं (कोणत्या क्लिपमधे काय आहे ते लिहून ठेवणं) हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. मी डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्री व्हर्जनवर काम करतो त्यामुळे बटणांची नावं त्यातली येतील, बाकी पद्धत कुठेही चालते.

शूटच्या आधीची दहा मिनिटं

सगळ्या कॅमेऱ्यांचं घड्याळ मोबाइलला जुळवा. सेकंदासकट. ड्रोन मोबाइलवरून वेळ घेतो पण जुन्या कॅमेऱ्याची आतली बॅटरी उतरली की तारीख मागे जाते, आणि मग तीन कॅमेऱ्यांचं फुटेज वेळेप्रमाणे लावलं की वरात हळदीच्या आधी येते. हे शूटच्या आधी एका मिनिटाचं काम आहे, नंतर एका दिवसाचं.

कार्डांना नंबर द्या. मी पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून त्यावर ए१, ए२, बी१ असं लिहितो, पट्टी पिनांच्या बाजूला येऊ द्यायची नाही, नाहीतर कार्ड स्लॉटमधे अडकतं. भरलेलं कार्ड बाहेर काढलं की बाजूचं छोटं लॉक खाली सरकवायचं आणि डबीत उलटं ठेवायचं. उलटं म्हणजे भरलेलं, सुलटं म्हणजे रिकामं. आणि माणसांसाठी नियम असा की आमच्या टीममधे "खाली" हा शब्दच बंद आहे, एक तर "कॉपी" म्हणायचं नाही तर "फॉरमॅट".

कॅमेऱ्यात फाइल नंबरचं सेटिंग असतं, त्यात रिसेट ऐवजी सिरीज ठेवा. रिसेट असेल तर प्रत्येक फॉरमॅटनंतर पुन्हा सी०००१ पासून सुरू होतं आणि एका लग्नात तुमच्याकडे चार सी०००१ जमतात. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमधे ओढल्या, विंडोजने विचारलं रिप्लेस करू का, घाईत यस दाबलं, की संपलं. ती फाइल रीसायकल बिनमधे पण जात नाही.

किती कार्ड लागतील ते अंदाजाने नको, हिशोबाने काढा. फोरके १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर ८ ने भागा, कारण आठ बिटांचा एक बाइट, सेकंदाला साडेबारा एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सव्वा तासाच्या थोडं पुढे चालतं. दोन कॅमेरे, प्रत्येकी चार तास, झाले ३६० जीबी, आणि दोन ठिकाणी ठेवायचे म्हणजे ७२० जीबी जागा डिस्कवर मोकळी हवी. लग्न घेण्याआधी हा हिशोब करा, पार्टीला कोटेशन देताना डिस्कचे पैसे धरायचे राहून जातात.

उतरवणं

बरेच जण कार्ड लावतात, आत जातात, एमपीफोर फाइली शोधतात, सिलेक्ट ऑल, कॉपी, पेस्ट. असं करू नका. कार्ड जसं आहे तसं, सगळ्या फोल्डरांसकट उतरवा. सोनीच्या कार्डात प्रायव्हेट, त्यात एमफोररूट, त्यात क्लिप असा प्रवास असतो आणि प्रत्येक क्लिपसोबत एक छोटी एक्सएमएल फाइल असते ज्यात त्या क्लिपची माहिती असते. जुन्या हँडीकॅमच्या एव्हीसीएचडीमधे तर लांब रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यात साठतं आणि ते तुकडे विनासांधा जोडायला सॉफ्टवेअरला तो फोल्डरांचा सांगाडा लागतो. नुसत्या एमटीएस (त्यातल्या व्हिडिओच्या) फाइली उचलल्या की भाषणाच्या मधोमध आवाज अडखळतो आणि लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात. गोप्रोची गंमत वेगळी, ती मोठं रेकॉर्डिंग तोडते आणि तुकड्याचा नंबर नावात आधी लावते, जीएक्स०१००२३ चा पुढचा भाग जीएक्स०२००२३. नावाप्रमाणे लावलं की सगळ्या रेकॉर्डिंगचे पहिले तुकडे एकत्र आणि दुसरे तुकडे एकदम खाली. तिथे नाव नाही, वेळेप्रमाणे लावायचं.

आधी डिस्कवर फोल्डर बनवा. माझी पद्धत : तारीख उलटी, मग काम, मग कॅमेरा, मग कार्ड. म्हणजे २०२५-१२-०४_सारंगखेडा_कॅमए_कार्ड०१. ती दत्तजयंती होती, सारंगखेड्याच्या यात्रेचा पहिला दिवस. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं लिहिलं की कॉम्प्युटर आपोआप क्रमाने लावतो, ०४-१२-२०२५ लिहिलं तर डिसेंबरचे आणि जूनचे सगळे चार तारखेवाले शेजारी बसतात. इथे मी देवनागरीत लिहितोय पण प्रत्यक्षात फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरात आणि स्पेस न देता ठेवा, काही सॉफ्टवेअर अजून देवनागरी नावावर अडखळतात.

आता कॉपी. रिझॉल्व्ह उघडा, खाली मीडिया पेज, वर डाव्या बाजूला क्लोन टूल. ॲड जॉब करा, डावीकडच्या यादीतून कार्ड ओढून सोर्सवर टाका, मग डेस्टिनेशनवर पहिली डिस्क टाका, त्याच जॉबमधे दुसरी डिस्क पण टाका. एकाच वेळी दोन्हीकडे जातं. तीन टिंबांच्या मेनूमधे प्रिझर्व्ह फोल्डर नेम आहे ते चालू ठेवा आणि चेकसममधे एमडीफाइव्ह निवडा. मग क्लोन दाबा आणि चहा प्या.

चेकसम म्हणजे काय ते केळीवाल्याच्या भाषेत सांगतो, रावेर-यावलकडच्यांना लगेच कळेल. साधी कॉपी म्हणजे ट्रक वजनकाट्यावर नेला, निघताना जेवढं वजन तेवढंच पोचल्यावर भरलं, झालं. पण वजन तेवढंच असून आतले चार घड सडके असू शकतात ना? चेकसम म्हणजे पोचल्यावर प्रत्येक घड सोडून निघतानाच्या घडाशी ताडून बघणं. फाइलीतल्या सगळ्या आकड्यांवरून एक छोटा कोड काढतात, कार्डावरचा कोड आणि डिस्कवरचा कोड सारखा आला तरच माल बरोबर. एक कण बदलला तरी कोड बदलतो. वेळ जास्त लागतो हे खरं कारण सगळं पुन्हा वाचावं लागतं. पण साध्या कॉपी-पेस्टने आलेली फाइल साइज बरोबर दाखवते आणि मधेच हिरवे चौकोन येतात, हे ज्याने पाहिलंय तो वेळेची तक्रार करत नाही.

रिझॉल्व्ह जड पडत असेल तर विंडोजवर टेराकॉपी आहे, त्यात व्हेरिफाय चालू करायचं. पैसे देऊन घ्यायचं असेल तर ऑफशूट (याचं जुनं नाव हेज), शॉटपुट प्रो, सिल्व्हरस्टॅक ही मोठ्या सेटवर चालणारी सॉफ्टवेअर, लग्नाला त्यांची गरज नाही असं माझं मत. प्रीमियरवाल्यांनी मीडिया ब्राउझरमधे इन्जेस्टची टिक चालू करा, त्यात कॉपी आणि प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी, छोटी फाइल) दोन्ही होतं. अडोबीचं प्रील्यूड खास याच कामाचं होतं पण ते २०२१ मधे नव्या लोकांना देणं बंद झालं आणि सप्टेंबर २०२४ ला सपोर्टही संपला, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ते शोधत बसू नका.

स्पीडचं म्हणाल तर कार्ड रीडर आणि पोर्ट दोन्ही बघा. ६४ जीबी सेकंदाला ८० एमबीने पावणे चौदा मिनिटांच्या आत उतरतं, तेच यूएसबी टूच्या पोर्टात ३० एमबीने पस्तीस मिनिटं. पोरं महागडं कार्ड घेतात आणि दीडशे रुपयांच्या रीडरमधे लावतात. आणि कॉपी लॅपटॉपवरच करा, डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर अजिबात नाही, लग्नसराईत आमच्याकडे लाइट कधी जाईल ते महावितरणलाही माहीत नसतं.

मे महिन्यातली अजून एक गोष्ट. बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कच्या कागदावर चालवायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. भुसावळला मेमधे ४५ असतं. मांडवात पत्र्याखाली डिस्क लावून कॉपी करायची म्हणजे तिला तव्यावर ठेवणं आहे. मी कॉपी कूलरच्या खोलीत करतो, पण कूलरच्या तोंडासमोर नाही, ती ओल वेगळाच त्रास देते. शूटच्या दिवशी छोटी एसएसडी वापरा, आत चकती फिरते ती हार्ड डिस्क घरी.

क्लोन झाल्यावर हिरवं दिसलं म्हणून लगेच फॉरमॅट नाही. दोन्ही डिस्क उघडून फाइलींची संख्या कार्डाशी मिळवा, मग पहिली, मधली आणि शेवटची क्लिप डिस्कवरून चालवून बघा, आवाजासकट. चेकसमने एवढंच कळतं की कार्डावर होतं तसंच आलं, मुळात माइक बंद होता का ते नाही कळत. फॉरमॅट दुसऱ्या दिवशी, कॅमेऱ्यातच, आणि फक्त मी करतो.

रिझॉल्व्हमधे आणणं

नवीन प्रोजेक्ट केल्यावर काहीही आणायच्या आधी प्रोजेक्ट सेटिंगमधे फ्रेम रेट २५ करा. आपल्याकडे लाइट ५० हर्ट्झचा म्हणून कॅमेरे २५ किंवा ५० वर ठेवतो. एकदा क्लिप आत आल्या की प्रोजेक्टचा तो आकडा लॉक होतो. मोबाइलचं फुटेज असेल तर त्याचा फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो, मीडियाइन्फो या फाइलीची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे व्हेरिएबल लिहून येतं, ते आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधे कॉन्स्टंट करून घ्या, नाहीतर आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडतो. पार्टीने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तर घेऊच नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

नवीन पोरांचा कायमचा घोळ इथे होतो. रिझॉल्व्ह फुटेज स्वतःकडे ठेवत नाही, फक्त ते कुठे आहे हे लक्षात ठेवतो. कार्डावरून सरळ आत ओढलं, दिसलं, कार्ड काढलं, सगळं लाल, मीडिया ऑफलाइन. म्हणून डिस्कवरूनच आणायचं. आणि विंडोजमधे डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून एक पक्कं अक्षर देऊन टाका, आज ई आणि उद्या एफ झालं की पुन्हा तेच लाल. तसं झालं तरी घाबरू नका, रीलिंक करता येतं, म्हणजे फुटेज आता कुठे आहे ते पुन्हा दाखवता येतं.

बिन (रिझॉल्व्हमधले फोल्डर) मी प्रसंगाचे करतो, त्याच्या आत कॅमेऱ्याचे. हळद, मारुतीला नवरदेव, मंगलाष्टकं, जेवणं, वरात.

लॉगिंग, म्हणजे खरं काम

हे त्याच आठवड्यात करा. पंधरा दिवसांनी कोण कोणाचा मामा ते आठवत नाही.

एक क्लिप कशी लॉग करतो ते दाखवतो. सारंगखेड्याला तापीच्या काठावर घोड्यांचा बाजार भरतो, तिथे आम्ही दोन दिवस होतो, घरी आल्यावर सहाशेच्या वर क्लिप. त्यातली सी०४१७. उघडली, जे-के-एल बटणांनी पुढेमागे केली, एल दोनदा दाबलं की दुप्पट वेगाने पळते. चाळीस सेकंदांची क्लिप, पांढरी घोडी ढोलकीवर नाचतेय, बाराव्या सेकंदाला एक काका डोक्यावर गाठोडं घेऊन आडवे गेले, एकोणीसला घोडीने दोन पाय उचलले, त्यानंतर मागे कोणाचा तरी डीजे सुरू झाला. मी एकोणीसवर एम दाबून मार्कर, म्हणजे खूण, लावला, पुन्हा एम दाबलं की खिडकी उघडते, त्यात लिहिलं "दोन पायांवर". मग उजवीकडे मेटाडेटामधे (क्लिपची माहिती लिहायची जागा) कीवर्ड : घोडी, नाच, पांढरी, वाइड. कॉमेंटमधे : आवाज १९ सेकंदापर्यंतच, पुढे डीजे. क्लिपचा रंग हिरवा. पुढची क्लिप. एवढंच, मिनिटभर लागलं असेल. चार महिन्यांनी गाण्यात घोडी उभी राहिलेली पाहिजे झाली तेव्हा सर्चमधे दोन शब्द टाकले आणि ती क्लिप हजर, त्यातही नेमकी एकोणीसावी सेकंद.

रंग मी तीनच वापरतो. हिरवा म्हणजे ठेवा, पिवळा म्हणजे बघू, तपकिरी म्हणजे सोडा. पाच स्टारवालं रेटिंग करून पाहिलं, तीन स्टार की चार स्टार याच्यावर माणूस स्वतःशीच भांडत बसतो. तपकिरी क्लिप डिलीट करत नाही, रुसलेल्या काकूंचा एकमेव शॉट त्यातच निघतो.

कीवर्डबद्दल एक गोष्ट भिंतीवर लावा. स्पेलिंग एकच. मी इंग्रजी अक्षरात लिहायचो, कधी हलद, कधी हळदी, कधी हलदी, आणि मग सर्चमधे एक टाकलं की बाकी दोन्हीतल्या क्लिप गायब. आता लग्नासाठी तीसेक शब्दांची यादी प्रिंट काढून मॉनिटरला चिकटवलीय, त्याच्या बाहेरचा शब्द वापरायचाच नाही. भाचा लॉग करो की मी, यादी तीच. यादीत प्रसंग, माणूस (नवरदेव, नवरी, आजी, मामा), शॉट (वाइड, मिड, क्लोज) आणि एक शब्द "रडणं". हसू नका, हायलाइट व्हिडिओ त्याच्यावरच उभा राहतो.

वीस क्लिपना एकच शब्द द्यायचा असेल तर सगळ्या सिलेक्ट करून एकदाच लिहा आणि खाली सेव्ह दाबा, ते विसरलं की लिहिलेलं पुसतं. प्रत्येक क्लिपला बारीक लॉग करायची पण गरज नाही. जेवणाच्या पंगतीच्या साठ क्लिप? "जेवण, वाइड" आणि पुढे चला.

मुलाखतीला मात्र हात आखडू नका. कानबाई या आमच्या खान्देशातल्या देवीवर एक छोटी फिल्म करत होतो, श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते ती, दुसऱ्या दिवशी विसर्जन. एका आजींनी पाऊण तास अहिराणीत सांगितलं, मधेच गाणं, मधेच सुनेला हाक, मधेच रोटाचं (कानबाईच्या नैवेद्याचं) पीठ कसं दळायचं ते. हे मशीन लिहून देईल या भरवशावर राहू नका, आपणच बसायचं. मी वहीत वेळ आणि चार शब्द असं लिहीत जातो : ०४:१० रोटाचे गहू, ०९:३५ गाणं सुरू, ११:०२ सासूची आठवण, गळा भरला, १८:४० नातू आडवा येतो. मग तेच मार्करमधे टाकतो. त्या वहीच्या दोन पानांवरून फिल्मचा क्रम ठरला, टाइमलाइनला हात लावायच्या आधी.

लॉग झाला की स्मार्ट बिन करा. नवीन स्मार्ट बिन, अट टाका की कीवर्डमधे "नवरी" आणि शॉट "क्लोज" आणि रंग हिरवा, आणि अटी भागणाऱ्या सगळ्या क्लिप आपोआप त्यात दिसतात, मूळ जागेवरून न हलता. नंतर अजून क्लिप लॉग केल्या तर त्यापण येऊन बसतात. वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला असेल तर व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही सिलेक्ट करून राइट क्लिक, ऑटो सिंक ऑडिओ, वेव्हफॉर्मवरचा (आवाजाच्या आलेखावरून जुळवायचा) पर्याय. यासाठी कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज चालू पाहिजे, आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर एक टाळी वाजवा, बँडच्या आवाजात वेव्हफॉर्म गोंधळतो.

प्रॉक्सी रात्री लावून झोपा. क्लिप सिलेक्ट, जनरेट प्रॉक्सी मीडिया. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर फोरके ओढत बसण्यापेक्षा हे बरं, शेवटी एक्स्पोर्टला मूळ फाइलच घ्यायची.

लॉग जपणं

हे मी उशिरा शिकलो. रिझॉल्व्हमधे लिहिलेले कीवर्ड, मार्कर, रंग हे फुटेजच्या फाइलीत जात नाहीत, रिझॉल्व्हच्या डेटाबेसमधे राहतात. माझं विंडोज बिघडलं, गल्लीतल्या पोराने सी ड्राइव्ह साफ करून नवीन टाकलं, फुटेज डी मधे सुखरूप आणि चार लग्नांचा लॉग गेला. मीच आधी बॅकअप घ्यायला सांगायला पाहिजे होतं. आता लॉगिंग संपलं की दोन गोष्टी : प्रोजेक्ट मॅनेजरमधून प्रोजेक्ट एक्स्पोर्ट, त्याची डीआरपी फाइल होते, आणि फाइल मेनूमधून मीडिया पूलचा मेटाडेटा एक्स्पोर्ट, त्याची सीएसव्ही होते जी एक्सेलमधे उघडते. दोन्ही फुटेजच्याच फोल्डरमधे ठेवायच्या आणि स्वतःला मेल पण करायच्या, काही एमबीच्या तर असतात.

फुटेजच्या दोन कॉपी एकाच टेबलावर ठेवल्या तर एकच पाऊस दोन्ही नेतो. एक घरी, एक सासुरवाडीला, असं मी करतो. डिस्कवर मार्कर पेनने नंबर लिहा, वहीत त्या नंबरासमोर कोणती कामं आहेत ते लिहा, आणि दर तीन-चार महिन्यांनी प्रत्येक डिस्क एकदा लावून दोन-चार फाइली चालवून बघा. लग्नाचं फुटेज मी पार्टीला व्हिडिओ दिल्यावर एक वर्ष ठेवतो आणि हे बिलावर छापलेलं आहे, कारण तीन वर्षांनी पण फोन येतो की दादा, आमचे बाबा वारले, त्यांचं नाचतानाचं काही आहे का. डिस्क तोवर पुसलेली नसली तर देतो, पैसे घेत नाही. डिस्क ठेवायच्या खालच्या मजल्यावर भिंतीतल्या कपाटात. वरच्या खोलीत पत्र्याखाली नाही, मेमधे तिथे लोखंडी कपाटाला हात लावला तरी चटका बसतो.